विश्लेषण : पासवर्ड न टाकता मोबाइलने संगणक कसा उघडतो? सेवा केंद्राच्या रांगेत त्याचा उपयोग काय?

‘ताई, पासवर्ड काय ठेवला होता?’ सेवा केंद्राच्या काउंटरवर दिवसातून अनेकदा विचारला जाणारा हा प्रश्न. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेली मुलगी आठवून पाहते. नावापुढे जन्मसाल? की भावाचा मोबाइल क्रमांक? दोन प्रयत्न चुकतात. तिसरा चुकला तर खाते बंद पडण्याची भीती. शेवटी केंद्रचालकच मदतीला येतो. खणातून वही काढतो, पान उलटतो आणि तिच्या नावापुढचा पासवर्ड स्वतःच टाकतो. काम होते, मुलगी आभार मानून निघून जाते. पण तिच्या खात्याची किल्ली त्या वहीतच राहते.

ही वही बंद करण्याची सोय आता आपल्या खिशात आहे. मोबाइल जवळ असला, त्यावर बोट ठेवले की संगणकावरचे खाते उघडते. पासवर्ड आठवायला नको, टाइप करायला नको, कुणाला सांगायलाही नको. हे नेमके कसे घडते, कोणत्या संगणकावर चालते आणि त्यात नवा धोका कोणता, हे समजून घेऊ.

पोहरादेवी आणि पासवर्ड यांचा संबंध काय?

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे. रामनवमीच्या यात्रेला देशभरातल्या तांड्यांवरून भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन केले. वाशिम जिल्ह्याच्या याच दौऱ्यात पीएम किसान योजनेचा अठरावा हप्ता सोडण्यात आला. सुमारे ९ कोटी ४० लाख शेतकऱ्यांच्या खात्यात २० हजार कोटी रुपये थेट जमा झाले.

बातमीत ‘थेट’ हा शब्द छोटा दिसतो. प्रत्यक्षात पैसे खात्यात पोहोचण्याआधी ई-केवायसी, आधार जोडणी, पोर्टलवरची नोंदणी असे टप्पे असतात. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जाती प्रवर्गात येतो. त्यामुळे येथील विद्यार्थ्यांना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आणि महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज हे सगळे ऑनलाइन करावे लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा राज्यभरातल्या महिला मोबाइल हातात धरून ओटीपीची वाट पाहत बसल्या होत्या. ज्यांच्या घरात संगणक नाही, अशा लोकांची सगळी महत्त्वाची खाती दुसऱ्याच्या संगणकावर उघडली जातात. म्हणून पासवर्डचा प्रश्न शहरातल्या कार्यालयापेक्षा तांड्यावरच्या माणसाला अधिक बोचतो.

पासवर्डमध्ये वाईट काय आहे?

संगणकाचा पासवर्ड साठ वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने १९६१ च्या सुमारास एकच संगणक अनेकांना वापरता यावा अशी यंत्रणा तयार केली. प्रत्येकाच्या फाइल वेगळ्या राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावर वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. म्हणजे पासवर्डचा जन्म आणि पहिली चोरी यांत फारसे अंतर नव्हते. स्वतः कॉर्बाटो यांनीही उतारवयात पासवर्ड ही डोकेदुखी झाल्याचे कबूल केले होते.

मूळ दोष असा की पासवर्ड हे दोघांना माहीत असलेले गुपित असते. तुम्हाला ठाऊक असते आणि समोरच्या सर्व्हरलाही त्याची नोंद ठेवावी लागते. सर्व्हर फुटला की गुपित फुटले. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे ३ कोटी २० लाख पासवर्ड बाहेर आले. त्यात सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता १२३४५६. लोक आळशी असतात म्हणून असे होते, हे म्हणणे सोपे आहे. पण दहा-वीस खात्यांना वेगवेगळे, अवघड पासवर्ड ठेवून ते सगळे लक्षात ठेवणे माणसाच्या कुवतीबाहेरचे आहे.

आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण. एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक अंक, एक चिन्ह, आणि तेही इंग्रजी कीबोर्डवर. घरात गोरमाटी बोलणारी, शाळेत मराठी शिकलेली आजी ही अट कशी पूर्ण करणार? मग पासवर्ड नातू ठेवतो किंवा केंद्रचालक. खाते आजीचे, गुपित तिसऱ्याचे.

मोबाइलने संगणक उघडतो म्हणजे नेमके काय?

येथे दोन कुलपांची गल्लत होते. पहिले कुलूप संगणकाचे. यंत्र सुरू केल्यावर किंवा झोपेतून जागे केल्यावर जी स्क्रीन पासवर्ड मागते, ते. दुसरे कुलूप खात्याचे. ईमेल, शिष्यवृत्ती पोर्टल, बँक यांचे लॉगिन, ते. पहिले कुलूप संगणकाच्या मालकाच्या कामाचे, दुसरे आपल्या सर्वांच्या कामाचे. मोबाइल दोन्हीकडे चालतो, पण पद्धत वेगळी असते.

तीन प्रकार सध्या वापरात आहेत. पहिला, जवळीक. मोबाइल ब्लूटूथच्या टप्प्यात आहे का, हे संगणक पाहतो आणि त्यावरून उघडतो किंवा बंद होतो. दुसरा, मंजुरी. संगणकावर एक आकडा दिसतो, तोच मोबाइलवर टाकून किंवा निवडून होकार द्यायचा. तिसरा, क्यूआर कोड आणि बोट. संगणकावर कोड दिसतो, मोबाइलने स्कॅन करायचा, बोट ठेवायचे, खाते उघडते. या तिसऱ्या प्रकारात आज सर्वात भरवशाची मानली जाणारी पद्धत म्हणजे ‘पासकी’.

क्यूआर कोड स्कॅन करून संगणकावर खाते उघडणे आपल्याला नवीन नाही. जानेवारी २०१५ मध्ये आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप वेबने ही सवय सगळ्यांना लावली. झेरॉक्सच्या दुकानात कागद छापायला गेलो की कोड स्कॅन करणे आता अंगवळणी पडले आहे. पासकी दिसायला तशीच, पण आतून बरीच वेगळी आहे.

पडद्यामागे काय घडते?

सातबाऱ्याचे उदाहरण घेऊ. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा कुणीही तपासू शकतो, पण ती स्वाक्षरी करण्याचा अधिकार एकाच्याच हाती असतो. तपासणाऱ्याला स्वाक्षरी ओळखता येते, उमटवता येत नाही. पासकीचे तत्त्व हेच.

एखाद्या संकेतस्थळासाठी पासकी तयार करताना मोबाइल दोन जोडीदार किल्ल्या बनवतो. एक खासगी, ती मोबाइलवाल्याच्या ताब्यात राहते. दुसरी सार्वजनिक, ती संकेतस्थळाला दिली जाते. पुढच्या वेळी लॉगिन करताना संकेतस्थळ एक यादृच्छिक, दरवेळी नवा असा लांबलचक आकडा पाठवते. मोबाइल म्हणतो, आधी मालकाने बोट ठेवावे. बोट जुळले की खासगी किल्लीने त्या आकड्यावर सही होते. संकेतस्थळ आपल्याकडच्या सार्वजनिक किल्लीने ती सही तपासते आणि दार उघडते.

यातून तीन फायदे होतात. एक, सर्व्हर फुटला तरी चोराच्या हाती फक्त सार्वजनिक किल्ली लागते. तिने सही तपासता येते, करता येत नाही. दोन, दरवेळी आकडा नवा असल्यामुळे कालची सही आज चालत नाही. तीन, किल्ली त्या एकाच संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असते. हुबेहूब दिसणारे बनावट पोर्टल माणसाला फसवेल, पण पत्ता वेगळा असल्यामुळे मोबाइल तेथे सहीच करणार नाही.

बोटाचा ठसा संकेतस्थळाकडे जातो का, हा नेहमीचा प्रश्न. नाही. ठसा मोबाइलमध्येच तपासला जातो, बाहेर जाते ती फक्त सही. रेशन दुकानातल्या यंत्रावर ऊसतोड मजुराचा झिजलेला अंगठा उमटत नाही, हा अनुभव अनेकांचा आहे. येथे त्याची अडचण नाही, कारण बोटाऐवजी मोबाइलचा पिन किंवा पॅटर्नही चालतो.

संगणकाला ब्लूटूथ कशाला लागते?

क्यूआर स्कॅन केल्यावर संगणक आणि मोबाइल ब्लूटूथने एकमेकांची जवळीक तपासतात. दूरच्या शहरात बसलेल्या भामट्याने स्वतःच्या संगणकावरचा कोड तुम्हाला पाठवला, तर तुमचा मोबाइल त्याच्या संगणकाजवळ नसल्यामुळे लॉगिन होत नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेबच्या कोडमध्ये अशी तपासणी नसते. दिसायला सारख्या असलेल्या दोन पद्धतींतला हा मोठा फरक.

मात्र अडचणही येथेच आहे. जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसते. यूएसबीला लावायचा काही शे रुपयांचा डोंगल ती सोय करून देतो. शिवाय क्यूआरच्या पद्धतीत मोबाइल आणि संगणक दोन्हीकडे इंटरनेट लागते. यात्रेच्या गर्दीत नेटवर्क अडखळले की ओटीपी जसा अडतो, तशी हीही पद्धत अडू शकते.

कोणत्या संगणकावर काय चालते?

विंडोज : घरगुती विंडोज संगणक मोबाइल जवळ आणला की आपोआप उघडेल, अशी सोय मायक्रोसॉफ्टने सर्वांसाठी दिलेली नाही. उलट सोय मात्र आहे. डायनॅमिक लॉक चालू केले की मोबाइल टप्प्याबाहेर गेल्यावर थोड्याच वेळात संगणक स्वतःला कुलूप लावतो. २०१७ पासून ती विंडोज १० मध्ये आहे. मोबाइल ब्लूटूथने जोडून सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स या मार्गाने ती मिळते. उघडण्यासाठी विंडोज हॅलोचा पिन, चेहरा किंवा बोट वापरावे. हा पिन त्याच यंत्रापुरता असतो. तो कुणी पाहिला तरी दुसऱ्या संगणकावरून तुमचे खाते उघडता येत नाही, म्हणून तो पासवर्डपेक्षा बरा.

क्रोमबुक : अँड्रॉइड मोबाइल जोडून ‘स्मार्ट लॉक’ चालू करता येते. मोबाइल जवळ असेल, त्याचे ब्लूटूथ चालू असेल आणि त्याची स्क्रीन उघडलेली असेल, तर क्रोमबुक पासवर्डशिवाय उघडते. विषयाचे शब्दशः उत्तर हवे असेल तर ते हेच.

मॅक : अ‍ॅपलने २०१६ पासून हातातल्या अ‍ॅपल वॉचने मॅक उघडण्याची सोय दिली. आयफोनने हेच करून देणारी अ‍ॅप इतर कंपन्यांची आहेत.

लिनक्स : केडीई कनेक्ट या मुक्त अ‍ॅपमधून मोबाइलवरून संगणकाला आज्ञा पाठवता येतात. त्यात कुलूप उघडण्याची आज्ञाही बसवता येते, पण ते काम जाणकाराचे.

प्ले स्टोअरवर ‘बोटाने पीसी उघडा’ असे सांगणारी अ‍ॅपही सापडतात. ती घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा अ‍ॅपना संगणकाचा मूळ पासवर्ड एकदा द्यावा लागतो, तो ती साठवतात आणि आपल्या बोटाच्या इशाऱ्यावर संगणकाला पुरवतात. पासवर्ड संपलेला नसतो, फक्त नजरेआड झालेला असतो. बनवणारा कोण हे ठाऊक नसेल तर त्या वाटेला न जाणे बरे.

खात्यांसाठी पासकी हवी असेल तर अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा मोबाइल, अथवा आयओएस १६ पुरतो. गुगल खात्यांवर ही सोय ३ मे २०२३ पासून आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून नवी खाती मुळातच पासवर्डविना उघडायला सुरुवात केली. जाता जाता, विंडोज १० चा मोफत सुरक्षा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या केंद्रात अजून ती किंवा त्याहून जुनी प्रणाली चालते, तेथे कुलपाआधी भिंतीकडे पाहायला हवे.

मग ओटीपी वाईट आहे का?

ओटीपीही मोबाइलवरच येतो, मग फरक काय? ओटीपी सांगता येतो, पासकी सांगता येत नाही. फोनवरचा भामटा गोड बोलून सहा आकडे काढून घेतो. पासकीत सांगण्यासारखे काही नसतेच. आपल्या बहुतेक सरकारी पोर्टलांची मदार आजही ओटीपीवर आहे, बँकांचीही होती. रिझर्व्ह बँकेने २५ सप्टेंबर २०२५ रोजी डिजिटल व्यवहारांच्या पडताळणीचे नवे निर्देश काढले. १ एप्रिल २०२६ ही त्यांची अंमलबजावणीची तारीख. त्यानुसार दोन घटकांची पडताळणी कायम आहे, पण एसएमएसच्या ओटीपीखेरीज इतर मार्गांनाही मोकळीक मिळाली आहे. वारे कोणत्या दिशेने वाहते आहे, ते यातून कळते.

नवा धोका कोणता?

पासवर्डच्या जमान्यात एक गुपित गेले तर एक खाते जायचे. आता सगळ्या किल्ल्या एकाच जुडग्यात आहेत आणि जुडगा म्हणजे मोबाइल. त्यामुळे ‘जरा फोन द्या, मीच करून देतो’ हे वाक्य पूर्वीपेक्षा महाग झाले आहे. उघडलेला फोन काउंटरपलीकडे देणे म्हणजे किल्ल्यांचा जुडगा देऊन रांगेत उभे राहणे. बहुतेक केंद्रचालक भले असतात, ओळखीचे असतात. पण विश्वास माणसावर असावा आणि किल्ली आपल्या कमरेला असावी, यात कुणाचा अपमान नाही.

दुसरा धोका विसरण्याचा. अभियांत्रिकीला असताना प्रकल्पाचा अहवाल छापायला मी झेरॉक्सच्या दुकानात व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडले आणि लॉगआउट न करता निघालो. दुसऱ्या दिवशी सहज पाहिले तर माझे खाते त्या संगणकावर तसेच उघडे होते. घरच्यांचे निरोप, फोटो, बँकेचे संदेश, सगळे. चूक दुकानाची नव्हती, माझी होती. संगणकशास्त्र शिकणाऱ्याची ही गत, तर घाईत आलेल्या माणसाला काय म्हणावे?

तिसरा धोका फसवून जोडून घेण्याचा. डिसेंबर २०२५ मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेने ‘घोस्टपेअरिंग’ नावाच्या प्रकाराबद्दल इशारा दिला. ओळखीच्या क्रमांकावरून ‘हा फोटो पाहा’ असा संदेश येतो. दुव्यावर गेले की मोबाइल क्रमांक मागितला जातो आणि एक कोड व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टाकायला सांगितला जातो. तो टाकताच भामट्याचा संगणक तुमच्या खात्याला जोडला जातो. ना पासवर्ड चोरला, ना सिम. तुम्हीच दार उघडले. त्याआधी २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने मेसेजिंग अ‍ॅपची संगणकावरची जोडणी दर सहा तासांच्या आत तोडावी आणि पुन्हा क्यूआरने जोडावी, असे निर्देश दिले होते, ते अशाच गैरवापराला आळा घालण्यासाठी.

चौथा धोका जवळीकीच्या पद्धतीचा. ब्लूटूथचा संदेश मध्ये दोन उपकरणे ठेवून लांबवर पोहोचवता येतो. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सुरक्षा कंपनीच्या संशोधकाने अशाच रीतीने टेस्लाची मोटार मालकाच्या मोबाइलपासून दूर असताना उघडून दाखवली. म्हणून फक्त ‘फोन जवळ आहे’ यावर उघडणाऱ्या कुलपापेक्षा ‘फोन जवळ आहे आणि मालकाने बोट ठेवले’ यावर उघडणारे कुलूप केव्हाही चांगले.

मोबाइल यात्रेत हरवला तर?

सापडणाऱ्याला लगेच खाती उघडता येत नाहीत, कारण पासकीला बोट किंवा पिन लागतो. मात्र पिन १२३४ असेल तर ही सुरक्षा नावापुरती. किमान सहा आकडी पिन ठेवावा आणि जन्मतारीख टाळावी. गुगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात साठवलेल्या पासकी नव्या मोबाइलवर परत मिळतात. त्यासाठी खात्यात शिरता यायला हवे आणि बऱ्याचदा जुन्या मोबाइलचा पिनही आठवावा लागतो.

यासाठी आजच एक काम करून ठेवावे. गुगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून आठ आकडी दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर उतरवून जमिनीच्या कागदांसोबत पेटीत ठेवावेत. मोबाइलच्या कव्हरमध्ये नव्हे, कारण मोबाइलसोबत तेही जातील. मोबाइल गेल्यास आधी दुसऱ्या फोनवरून गुगलच्या फाइंड हबने त्याला कुलूप लावावे, सिम बंद करावे, पोलिसांत तक्रार द्यावी आणि संचार साथी पोर्टलवर तो हँडसेट ब्लॉक करावा. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करावा.

घरात एकच मोबाइल असेल तर?

सगळ्या लेखातला अवघड प्रश्न हा. तंत्रज्ञान असे गृहीत धरते की एक माणूस, एक मोबाइल. तांड्यावर, वाडीवर, कित्येक घरांत मोबाइल घराचा असतो. त्यात नवऱ्याचे बोट, मुलाचे बोट, कधी शेजारच्या पुतण्याचेही बोट नोंदलेले असते. पासकी विचारते एवढेच, की या मोबाइलला ओळखीचे बोट आहे का? कुणाचे आहे, ते विचारत नाही. त्यामुळे घरातल्या बाईच्या नावावरचे खाते ज्याच्या हाती फोन असेल त्याच्या हाती जाते. पासवर्डची वही केंद्रातून हलली आणि घरातल्या कर्त्याच्या खिशात आली, एवढाच बदल झाला तर ते आगीतून फुफाट्यात जाणे.

उपाय अर्धेच आहेत, पण आहेत. मोबाइलमध्ये कुणाकुणाची बोटे नोंदली आहेत ते पाहून अनावश्यक ती काढून टाकता येतात. बँकेचे आणि पैशांचे अ‍ॅप वेगळ्या पिनने बंद ठेवता येते. कामासाठी सहा महिने ऊसतोडीला जाणारे कुटुंब निघताना मोबाइल सोबत नेते आणि मागे राहिलेल्या आजीचा ओटीपी कारखान्याच्या तळावर वाजतो. अशा वेळी आधारशी कोणाचा क्रमांक जोडला आहे, हे आधीच ठरवून ठेवायला हवे.

सेवा केंद्रात गेल्यावर काय करावे?

नियम एकच : पडदा त्यांचा, बोट आपले. संगणक केंद्रचालक चालवेल, पण स्कॅन आपण करायचे, बोट आपण ठेवायचे, ओटीपी सांगावाच लागला तर संदेश पूर्ण वाचून मगच. ‘या संगणकावर लॉगिन लक्षात ठेवू का?’ या प्रश्नाला नाही म्हणावे. दुसऱ्याच्या संगणकावर स्वतःची पासकी कधीही साठवू नये, मोबाइलमधलीच वापरावी. ब्राउझरची खासगी खिडकी उघडायला सांगावे. निघताना लॉगआउट झाल्याचे डोळ्यांनी पाहावे. व्हॉट्सअ‍ॅप वापरले असेल तर मोबाइलमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडून अनोळखी जोडणी काढून टाकावी. हे तपासायला दहा सेकंद लागतात.

केंद्रचालकांनीही आपल्या संगणकावर डायनॅमिक लॉक सुरू करावे. चहाला उठले की पडदा बंद. गिऱ्हाईकांचे दाखले, आधारच्या प्रती त्याच यंत्रात असतात आणि त्यांची जबाबदारी केंद्राची असते.

पुढे काय व्हायला हवे?

पूर्वी सहीऐवजी अंगठा लावणाऱ्याला आपण अंगठेबहाद्दर म्हणून हसायचो. आज जगातल्या मोठ्या कंपन्या कोट्यवधी लोकांना सांगताहेत की पासवर्ड सोडा, बोट लावा. ज्या माणसाला इंग्रजी कीबोर्डने दारातच अडवले होते, त्याच्यासाठी ही खरी संधी आहे. पण ती आपोआप मिळणार नाही.

पहिले, महाडीबीटी आणि आपले सरकारसारख्या पोर्टलांनी पासकीचा पर्याय द्यायला हवा. नागरिकाच्या मोबाइलमध्ये कुवत आहे, पोर्टलमध्ये दार नाही, ही स्थिती फार काळ ठेवण्यात अर्थ नाही. दुसरे, मोबाइलवर उमटणारा होकाराचा प्रश्न सोप्या मराठीत असावा. कशाला हो म्हणतो आहोत हे न कळता ठेवलेले बोट आणि न वाचता केलेली सही यात फरक नाही. तिसरे, ज्याच्याकडे मोबाइल नाही, ज्याचा हरवला, ज्याचा घरच्याने काढून घेतला, त्याच्यासाठी माणसाने चालवलेली एक खिडकी उघडी राहिली पाहिजे. ओळख पटवून खाते परत मिळवण्याची सोय नसेल, तर सर्वात भक्कम कुलूप मालकालाच बाहेर ठेवते.

तोवर त्या मुलीने एवढे करावे. केंद्रातल्या वहीत आपला पासवर्ड असेल तर आज घरी जाऊन तो बदलावा. नवा कुणाला सांगू नये. आणि पुढच्या वेळी ‘ताई, फोन द्या’ असे कुणी म्हटले, तर हसून म्हणावे, ‘दादा, तुम्ही पडदा दाखवा, बोट मी ठेवते.’